समूहविचार आणि सार्वजनिक विचारविनिमय : इंटरनेटच्या तटस्थतेवरील वादाचा एक अभ्यास

१. प्रस्तावना

तंत्रज्ञान, व्यापार आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांना एकाच वेळी स्पर्श करणारे प्रश्न गेल्या दोन दशकांत वारंवार सार्वजनिक चर्चेत आले आहेत. अशा प्रश्नांची तांत्रिक बाजू थोड्यांनाच उमगते, व्यापारी बाजूत मोठे हितसंबंध गुंतलेले असतात आणि कायदेशीर बाजू बहुतेकांना अपरिचित असते. परिणामी सुशिक्षित मनुष्यही प्रश्नाचा मुळातून विचार करण्याऐवजी आपल्या बाजूचे मानलेले लोक काय म्हणतात, हे पाहून आपले मत ठरवितो. एकसारख्या मतांची संख्या झपाट्याने वाढते. परंतु त्यामागील युक्तिवादांची संख्या त्या प्रमाणात वाढतेच असे नाही.

प्रस्तुत लेखात या प्रवृत्तीचे, म्हणजेच समूहविचाराचे, स्वरूप स्पष्ट करून २०१५-१६ या काळात भारतात इंटरनेटच्या तटस्थतेवर झालेल्या वादाच्या आधारे तिला आळा कसा घालता येतो, याचा विचार केला आहे. समूहविचाराला केवळ एखाद्या निर्भीड व्यक्तीचा विरोध पुरेसा ठरत नाही. त्यासाठी मतभेदाला मान्यताप्राप्त जागा देणारी आणि प्रत्येक मतामागील कारण मागणारी कार्यपद्धती आवश्यक असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. समूहविचार : संकल्पना व स्वरूप

‘ग्रुपथिंक’ हा शब्द अमेरिकन लेखक विल्यम व्हाइट यांनी १९५२ मध्ये प्रथम वापरला. त्याला मानसशास्त्रीय संकल्पनेचे रूप मात्र अर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये दिले. १९६१ मध्ये क्यूबातील ‘बे ऑफ पिग्ज’ येथील अमेरिकापुरस्कृत आक्रमण अल्पावधीत फसले. अत्यंत बुद्धिमान सल्लागार सभोवती असतानाही राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या शासनाने तो निर्णय कसा घेतला, हा जॅनिस यांच्यापुढील प्रश्न होता. गटातील एकोपा टिकविण्याची ओढ प्रबळ झाली की पर्यायांची चिकित्सा थांबते, असे त्यांचे उत्तर होते. सर्वांचे एकमत असल्याचा भास, मनातील शंका स्वतःच दाबून टाकणे, विरोधकांना मूर्ख किंवा दुष्ट ठरविणे आणि प्रतिकूल माहिती गटापर्यंत पोहोचू न देणे ही त्यांनी सांगितलेली काही प्रमुख लक्षणे होत.

जॅनिस यांचा अभ्यास लहान, एकजिनसी निर्णयगटांचा होता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. लाखो लोकांच्या चर्चेला ही संकल्पना जशीच्या तशी लावता येत नाही. तेथे आणखी दोन प्रक्रिया कार्यरत असतात. समान मताची माणसे एकत्र चर्चा करू लागली की त्यांचे मत मूळच्या दिशेनेच अधिक टोकाला जाते. यास समूहाचे ध्रुवीकरण म्हणतात. तसेच आपले मत अल्पसंख्य आहे असे वाटताच मनुष्य गप्प बसतो, त्यामुळे ते मत आहे त्याहूनही अल्पसंख्य भासू लागते. जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये या क्रियेला ‘मौनाचे आवर्त’ असे संबोधले.

या संदर्भात सॉलोमन अॅश यांचे १९५० च्या दशकातील प्रयोग उद्बोधक आहेत. एका रेषेएवढी लांबी असलेली दुसरी रेषा ओळखणे, एवढेच काम प्रयोगात सहभागी झालेल्या व्यक्तीला करावयाचे होते. तथापि भोवतालचे सर्व जण ठरवून चुकीचे उत्तर देऊ लागले, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्तींनी किमान एकदा तरी डोळ्यांना दिसणारे सत्य सोडून गटाची री ओढली. याच प्रयोगमालिकेतील दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. गटातील एकाच व्यक्तीने जरी बरोबर उत्तर दिले, तरी गटाच्या दडपणाचा प्रभाव साधारण एक-चतुर्थांशावर येत असे. एका प्रामाणिक मतभेदाचे मोल यावरून स्पष्ट होते.

३. वाद, जल्प आणि वितंडा

भारतीय ज्ञानपरंपरेत या समस्येची जाण फार जुनी आहे. न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करते ती वितंडा. शास्त्रग्रंथांत स्वमत सिद्ध करण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडण्याची जी रीत आहे, तिचा अर्थही येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. विरोधकाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बलवान स्वरूपात मांडता आल्याशिवाय त्याचे खंडन पूर्ण होत नाही. आधुनिक सार्वजनिक चर्चेत जल्प आणि वितंडा विपुल प्रमाणात आढळतात, वाद मात्र अपवादानेच आढळतो. पुढील उदाहरण या दृष्टीने पाहावयाचे आहे.

४. इंटरनेटच्या तटस्थतेचा प्रश्न

इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीने आपल्या जाळ्यावरून जाणाऱ्या सर्व मजकुराला समान वागणूक द्यावी, कोणत्याही संकेतस्थळाला वेग, अडथळा वा दर यांबाबत वेगळे स्थान देऊ नये, हे तटस्थतेचे तत्त्व होय. २७ मार्च २०१५ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, या विषयाशी संबंधित एक चर्चापत्र प्रसिद्ध केले. ते शंभराहून अधिक पृष्ठांचे होते आणि त्यात २० प्रश्न विचारले होते. एप्रिलमध्ये ‘एअरटेल झीरो’ ही योजना जाहीर झाली. तीत संकेतस्थळ वापरण्याचा खर्च ग्राहकाऐवजी संबंधित कंपनीने सोसावयाचा होता. त्यातून जनमत प्रक्षुब्ध झाले आणि या योजनेत सहभागी होण्याचा विचार करणाऱ्या फ्लिपकार्टने माघार घेतली. तटस्थतेच्या समर्थकांनी चर्चापत्रातील प्रश्नांची तयार उत्तरे उपलब्ध करून दिली आणि त्यांच्या आधारे दहा लाखांहून अधिक ईमेल ट्रायकडे पोहोचले.

दुसरीकडे, फेसबुकने फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सहा राज्यांत निवडक संकेतस्थळे विनामूल्य पाहण्याची सोय सुरू केली होती. तिलाच पुढे ‘फ्री बेसिक्स’ हे नाव मिळाले. ९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने भेदकारी दरांविषयी दुसरे चर्चापत्र काढले, तेव्हा फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांना एक तयार मजकूर पाठविण्याचे आवाहन केले. कंपनीचे प्रमुख मार्क झकरबर्ग यांनी वृत्तपत्रीय लेखात महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा दाखला दिला. ट्रायकडे आलेल्या प्रतिसादांची एकूण संख्या सुमारे २४ लाखांवर गेली आणि त्यांपैकी बहुसंख्य ‘फ्री बेसिक्स’चा पुरस्कार करणारे होते.

५. दोन्ही बाजूंचा समूहविचार

या वादात पणाला लागलेली गोष्ट मोठी होती. इंटरनेटवर प्रथमच येणाऱ्या कोट्यवधी भारतीयांना कोणती संकेतस्थळे दिसावीत, हे एका कंपनीने ठरवावे काय, असा एका बाजूचा प्रश्न होता. ज्यांना पूर्ण इंटरनेट परवडत नाही त्यांना तत्त्वासाठी ताटकळत ठेवावे काय, असा दुसऱ्या बाजूचा प्रश्न होता. दोन्ही प्रश्न रास्त होते. प्रत्यक्ष प्रचारात मात्र एका बाजूस भांडवलदारांचे हस्तक आणि दुसऱ्या बाजूस गरिबांचे शत्रू, अशी वाटणी झाली. जॅनिस यांनी सांगितलेले विरोधकांच्या विपरीत प्रतिमेचे लक्षण येथे दोन्हीकडे दिसते.

अडचणीचे प्रश्न दोन्ही बाजूंनी मागे पडले. तटस्थतेच्या समर्थकांपुढे ‘विकिपीडिया झीरो’चे उदाहरण होते. २०१२ मध्ये सुरू होऊन २०१८ मध्ये बंद झालेल्या या उपक्रमात विकिपीडिया विनामूल्य पाहता येत असे. तत्त्व काटेकोरपणे लावल्यास हा उपक्रमही भेदकारी ठरतो. नफ्याचा हेतू नसल्यास अपवाद करावा काय, याचे सर्वमान्य उत्तर त्या गोटात नव्हते. उलट ‘फ्री बेसिक्स’च्या समर्थकांनी, विनामूल्य द्यावयाचेच तर संपूर्ण इंटरनेट मर्यादित प्रमाणात का देऊ नये, या साध्या प्रश्नाला बगल दिली.

६. कार्यपद्धतीचे साहाय्य

ट्रायने या प्रसंगी केलेली गोष्ट साधी असली तरी परिणामकारक होती. तयार मजकूर पाठविणाऱ्या नागरिकांनी चर्चापत्रातील चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत, असा आग्रह तिने धरला. केवळ पाठिंबा वा विरोध कळविणे म्हणजे विचारविनिमय नव्हे आणि या प्रक्रियेचे रूपांतर मतमोजणीत करता येणार नाही, अशी भूमिका तिने जानेवारी २०१६ मधील पत्रव्यवहारात स्पष्ट शब्दांत घेतली. चार प्रश्नांपैकी एक प्रश्न, भेदकारी दर न लावता विनामूल्य इंटरनेट देण्याचे अन्य मार्ग कोणते, असा होता. ‘हे की ते’ या द्वंद्वाबाहेरचा पर्याय शोधण्यास प्रश्नाची मांडणीच भाग पाडत होती. याखेरीज एकमेकांच्या निवेदनांवर प्रतिटिप्पणीसाठी स्वतंत्र मुदत आणि खुली बैठक यांचीही सोय होती.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी निघालेल्या विनियमांनी मजकुराच्या आधारे भेदकारी दर लावण्यास मनाई केली. आणीबाणीच्या प्रसंगी अपवाद ठेवला आणि उल्लंघनास प्रतिदिन ५० हजार रुपये व कमाल ५० लाख रुपये आकार निश्चित केला. विनियमांसोबत निर्णयाची कारणमीमांसा जोडली आणि दोन वर्षांनी फेरविचाराची तरतूदही केली. आलेल्या प्रतिसादांचा कौल ज्या बाजूला होता, निर्णय त्याच्या विरुद्ध गेला.

तथापि पराभूत बाजूचा गाभा टाकून दिला गेला नाही. परवडण्याचा प्रश्न खरा आहे हे मान्य करून ट्रायने त्याच वर्षी विनामूल्य डेटाविषयी वेगळा विचारविनिमय केला आणि डिसेंबर २०१६ मध्ये ग्रामीण ग्राहकांना दरमहा १०० एमबी डेटा, कोणत्याही संकेतस्थळाचे बंधन न घालता, देण्याची शिफारस केली. दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या आगमनाने स्पर्धा तीव्र झाली. २०१४ मध्ये एक जीबी डेटासाठी सरासरी सुमारे २६९ रुपये मोजावे लागत. २०१८ मध्ये हा दर सुमारे १२ रुपयांवर आला. ज्या प्रश्नावर दोन बाजू हातघाईवर आल्या होत्या, त्याचे चित्र दोहोंच्याही घोषणांच्या केंद्रस्थानी नसलेल्या कारणाने पालटले.

७. न्यायालयाची दृष्टी

याच काळातील दुसरे प्रकरण या विवेचनास पूरक आहे. फोन मध्येच तुटल्यास ग्राहकाला प्रत्येक वेळी एक रुपया, दिवसाकाठी कमाल तीन रुपये भरपाई द्यावी, असा विनियम ट्रायने ऑक्टोबर २०१५ मध्ये केला. ग्राहकांच्या संतापामुळे तो लोकप्रिय होता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी तो मनमानी ठरवून रद्द केला. फोन तुटण्यास कंपनी किती अंशी जबाबदार आहे याचा विचार झालेला नाही आणि कंपन्यांच्या आक्षेपांना सकारण उत्तर दिलेले नाही, ही त्यामागील प्रमुख कारणे होती. ट्राय अधिनियम, १९९७ मधील पारदर्शकतेचे बंधन केवळ मते मागवून पूर्ण होत नाही, त्या मतांची दखल निर्णयात दिसली पाहिजे, असे या निकालाचे तात्पर्य आहे. एकाच संस्थेचे हे दोन निर्णय शेजारी ठेवून पाहिल्यास कारणांचे महत्त्व अधोरेखित होते.

८. शैक्षणिक संदर्भ

हे विवेचन महाविद्यालयांनाही लागू पडते. अभ्यास मंडळे, विद्या परिषदा आणि विविध समित्या यांत ‘एकमताने संमत’ हा शेरा पुष्कळदा अभिमानाने लिहिला जातो. ते एकमत चर्चेअंती झाले की चर्चेअभावी, याचा उलगडा इतिवृत्तावरून होत नाही. आक्षेप व त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदविणे, ज्येष्ठांनी आपले मत शेवटी मांडणे आणि सभेपूर्वी सदस्यांची मते लेखी घेणे हे उपाय विनाखर्च अमलात आणता येतात. जॅनिस यांनीही नेत्याने प्रारंभी आपला कल उघड करू नये, अशी शिफारस केली होती.

अध्यापनातही अशीच दक्षता हवी. वक्तृत्व व वादविवाद स्पर्धांत विद्यार्थ्याला नेमून दिलेली बाजू जिंकावयाची असते. हा जल्पाचा सराव होय. त्याचा उपयोग नाकारता येत नाही, परंतु तो पुरेसा नाही. नाटकी विरोधापेक्षा खरा मतभेद गटाच्या विचाराला अधिक चालना देतो, असे शार्लन नेमेथ यांच्या संशोधनातून दिसून आले आहे. यास्तव विद्यार्थ्याने प्रथम स्वतःचे मत लिहावे, नंतर प्रतिपक्षाला मान्य होईल अशा शब्दांत त्याचा पूर्वपक्ष मांडावा आणि अखेरीस आपल्या मतात काय बदलले हे नोंदवावे, असा लेखी स्वाध्याय अधिक उपयुक्त ठरेल.

९. समारोप

समूहविचार हा अज्ञानी लोकांचा दोष नाही. हुशार, सद्हेतू बाळगणारी आणि एकमेकांविषयी आदर असलेली माणसेही त्यात सापडतात. किंबहुना आपली बाजू न्याय्य आहे ही खात्रीच शंकेला प्रवेश नाकारते. इंटरनेटच्या तटस्थतेवरील वादात निर्णय विचारपूर्वक झाला, त्याचे श्रेय कोणत्याही एका बाजूच्या संख्याबळाला देता येत नाही. नेमका प्रश्न विचारणे, त्याचेच उत्तर मागणे, प्रतिपक्षाला उत्तराची संधी देणे, कारणे प्रसिद्ध करणे आणि फेरविचाराची वाट मोकळी ठेवणे या पाच गोष्टींनी ते साधले. यांपैकी एकही गोष्ट नवी नाही. गर्दीचा आवाज वाढतो तेव्हाच त्यांचा विसर पडतो, म्हणून त्या व्यक्तीच्या धैर्यावर न सोपविता नियमांत लिहून ठेवणे हेच अधिक श्रेयस्कर होय.