गाठ की गुंफण? शिडाच्या दोराचा प्रश्न

मराठीत गाठींना दोन नेमकी नावे आहेत. ओढताच सुटते ती सुरगाठ, सुटता सुटत नाही ती निरगाठ. दोर बांधण्याचा तिसरा प्रकार मात्र या दोन्हींत बसत नाही. दोराचे पेड उलगडून टोक मागे वळवायचे आणि ते पेड त्याच दोराच्या अंगात विणून टाकायचे. गाठीचा फुगवटा येत नाही आणि टोकाला कायमचा डोळा तयार होतो. याला स्प्लाइस म्हणतात. मी इथे ‘गुंफण’ म्हणणार आहे.

शिडाच्या बोटीवर शीड वर चढवणाऱ्या दोराला हॅलयार्ड म्हणतात. तो शिडाच्या माथ्याला जोडताना गाठ मारावी की गुंफण करावी, हा नौकानयन करणाऱ्यांचा जुना वाद आहे. विषय वरवर किरकोळ वाटतो. पण हा जोड भर वाऱ्यात सुटला तर शीड खाली येते आणि दोराचे मोकळे टोक डोलकाठीच्या माथ्याशी जाऊन बसते. ते आणायला कोणाला तरी बारा-पंधरा मीटर वर चढावे लागते, आणि तेवढ्या उंचीवर बोटीचा प्रत्येक हेलकावा कित्येक पटींनी मोठा होतो.

वादात पहिला मुद्दा निघतो तो ताकदीचा. दोर गाठीत शिरतो तिथे एकदम वळतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूचे धागे ताणले जातात, आतले दबतात आणि सारा भार बाहेरच्या थोड्या धाग्यांवर पडतो. कपडे वाळत घालायची दोरी तुटली की पाहावे. ती बहुधा गाठीला लागूनच तुटलेली असते. पॉलिएस्टरच्या दोराला बोलाइन ही खलाशांची लाडकी गाठ मारली, तर मूळ ताकदीच्या साधारण ६० ते ७० टक्के उरते. चांगल्या गुंफणीत ९० टक्क्यांच्या आसपास टिकते. आकडे पाहिले की निकाल लागला असे वाटते.

माझ्या मते तो तसा लागत नाही. हॅलयार्ड जाड घेतात तो मुख्यतः कमी ताणला जावा आणि हाताला नीट धरता यावा म्हणून. १० मिलिमीटर जाडीचा पॉलिएस्टरचा दुहेरी विणीचा दोर तुटायला दोन टनांहून अधिक भार लागतो. तीस फुटी बोटीच्या हॅलयार्डवर येणारा भार काही शे किलोंचा. गाठीने तिसरा हिस्सा खाल्ला तरी पुष्कळ उरते.

हॅलयार्ड मरतो तो दुसरीकडे, डोलकाठीच्या माथ्यावरच्या कप्पीवर. शीड पूर्ण वर असते तेव्हा दोराचा तोच वीतभर तुकडा कप्पीच्या खाचेत वाकून बसलेला असतो, आणि बोटीच्या प्रत्येक झोल्याबरोबर तिथेच घासतो. एक हंगाम, दोन हंगाम. आवरण पिसारते. इथे गाठीचा खरा फायदा दिसतो. टोकाचा वीतभर दोर कापून टाकायचा, पुन्हा गाठ मारायची, की कप्पीवर ताजा तुकडा येतो. म्हणूनच जाणते लोक नवा हॅलयार्ड गरजेपेक्षा दीड-दोन मीटर लांब घेतात. गुंफण असेल तर प्रत्येक वेळी ती नव्याने करावी लागते. आणि मिठाने, उन्हाने ताठ झालेल्या जुन्या दुहेरी विणीच्या दोरात आवरण मागे सरकवून गुंफण करणे हे बोटांची सालटी काढणारे काम आहे.

अर्थात गाठ म्हणजे कोणतीही गाठ नव्हे. बोलाइनचा फास मोठा. शीड पुरते वर जायच्या आतच गाठ कप्पीला जाऊन भिडते. त्यापेक्षा बंटलाइन हिच बरी. ती शॅकलला, म्हणजे शिडाला अडकवायच्या कडीला, अगदी चिकटून बसते. भाराखाली ती अशी आवळते की नंतर सुटत नाही, पण जी गाठ शेवटी कापूनच टाकायची ती निरगाठ झाली तर बिघडले कुठे?

इथपर्यंतचे सगळे पॉलिएस्टरबद्दल. डायनीमा आला आणि हिशेब उलटला. हे अतिदीर्घ साखळ्यांच्या रेणूंचे पॉलिइथिलीन. वजनाच्या मानाने त्याची ताकद पोलादाच्या कितीतरी पट, ताण नगण्य; पण अंग साबणासारखे निसरडे. क्लिफर्ड ॲशली या अमेरिकन चित्रकाराने १९४४ साली गाठींचा जो महाग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याने गाठीची ताकद आणि गाठीचा भरवसा या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. गाठीशी दोर तुटेल का, हा एक प्रश्न. न तुटताच गाठ सरकून सुटेल का, हा दुसरा. डायनीमात दुसरा प्रश्न पहिल्याच्या पुढे जातो. वरून पॉलिएस्टरचे आवरण असले तरी गाठ आवरणाला धरते आणि आतला गाभा, ज्यावर खरा भार असतो, तो सरकू पाहतो. शिवाय हा धागा १५० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर वितळतो, पॉलिएस्टर २५० च्या पुढे. म्हणजे घर्षणाची उष्णताही त्याला जास्त बाधते. गाठीत त्याची निम्मी ताकद उरली तरी नशीब. इथे गुंफणच हवी.

ती टिकते कशी, हे पाहण्यासारखे आहे. पोकळ विणीच्या दोराचे टोक त्याच दोराच्या पोटात घालतात. भार आला की वीण लांबते, अरुंद होते आणि आतल्या टोकाला आवळते. जितकी ओढ तितकी पकड. निसरड्या धाग्याला ही पकड पुरावी म्हणून टोक दोराच्या जाडीच्या सुमारे ७२ पट आत घालतात, म्हणजे ८ मिलिमीटरच्या दोरात जवळजवळ ५८ सेंटिमीटर. टोक हळूहळू निमुळते करतात, नाहीतर ते संपते तिथे दोराला अचानक पायरी पडते आणि तीच कमजोर जागा ठरते. एक खोच मात्र राहते. भार नसताना पकडही नसते. नांगर टाकलेल्या बोटीवर सैल दोर रात्रभर फडफडत राहिला तर टोक थोडे थोडे बाहेर येऊ शकते. म्हणून गुंफणीवर सुईदोऱ्याने टाके घालतात. ते भार पेलायला नसतात, भार नसतानाच्या वेळेसाठी असतात.

या जुन्या-नव्या फरकाचा एक धागा मुंबईशी जुळतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी बोट मुंबईत बांधलेली. त्या सफरीच्या पन्नाशीनिमित्त २०१८ मध्ये झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी तिची प्रतिकृती ‘तुरीया’ गोव्यात बांधली गेली आणि अभिलाष टॉमी तिच्यावर उतरले. शर्यतीच्या नियमांनी आधुनिक उच्च ताकदीचे धागे वर्ज्य केले होते. तिथे हा प्रश्न पुन्हा पॉलिएस्टरचा, म्हणजे झीज कशी हलवायची याचा झाला.

एका कामात मात्र दोर कोणताही असो, विचार बदलावा लागतो. त्याच हॅलयार्डने माणूस डोलकाठीवर चढवायचा असेल, तेव्हा दोराच्या टोकाला गुंफलेल्या झटपट उघडणाऱ्या शॅकलवर जीव टांगत नाहीत. तिची खीळ कुठल्याशा दोरीत अडकून उघडू शकते. जाणते खलाशी दोर थेट खुर्चीच्या कडीतून ओवून बोलाइन मारतात, मोकळे टोक लांब ठेवतात, आणि दुसरा हॅलयार्ड आधाराला वेगळा बांधतात. दोर डायनीमाचा असेल तर या कामाला तो न वापरता जुना पॉलिएस्टरचा हॅलयार्ड घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, आणि चढणाऱ्याने जमिनीपासून हातभर उंचीवर आधी स्वतःला दोन-तीन हिसके देऊन पाहावेत.