टर्कीला सणाच्या ताटात मान कशासाठी?



अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आभारदिनाचा सण असतो. त्या दिवशी टर्की लागतेच. हा मान चवीपेक्षा आकाराचा. एका पक्ष्यात अख्खं घर जेवतं. पण पक्षी अख्खा भाजला, तर मांडी शिजेपर्यंत छातीचं मांस कोरडं पडतं. म्हणून जाणकार दोन्ही वेगळे भाजतात.

गोवा, मुंबईकडे नाताळात टर्की खपते. पाळायची असेल, तर आधी गिऱ्हाईक ठरवा, मगच पिलं आणा. पक्षी विक्रीला यायला साधारण सहा महिने लागतात. म्हणजे पिलं जूनमध्येच हवीत. कोंबड्यांबरोबर ठेवू नका. त्यांच्यामुळे टर्कीला ‘ब्लॅकहेड’ रोग लागतो.

ध्यानात ठेवा, सण एक दिवसाचा, दाण्याचा खर्च रोजचा!