राजपुत्र सुखाने राज्य करू लागला, मग?

राक्षस मेला, खजिना हाती लागला, राजकन्येने माळ घातली आणि राजपुत्र ‘सुखाने राज्य करू लागला’. लहानपणी ऐकलेल्या गोष्टी नेमक्या या चार शब्दांवर संपत. सारा कोणी वसूल केला, दुष्काळात कोठारे कोणी उघडली, सावत्र भावाने शेजारच्या राजाशी कधी संधान बांधले, याचा तिथे पत्ता नसे. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला खरी गोष्ट या चार शब्दांतच दडलेली दिसते; आणि उमेदीची सारी वर्षे बँकेत काढलेली असली, की त्यामागचा ताळेबंदही पाहावासा वाटतो.

तो ताळेबंद मला भेटला एका खेळात! गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. चार-सहा मंडळी टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन जग उभे करतो, बाकीचे त्या जगातले एकेक पात्र होतात. काय करायचे ते बोलून सांगायचे. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासे टाकायचे. शेवटी कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. अंधारी तळघरे, पिशाच्चे, आग ओकणारे ड्रॅगन, सोन्याच्या राशी हा त्याचा ठरलेला मसाला.

या मसाल्यात राजकारण नंतर कोणीतरी कालवले, असा समज आहे. इतिहास मात्र उलटा आहे. १९६९च्या सुमारास मिनेसोटात डेव्हिड वेस्ली या गृहस्थाने नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक जर्मन गावावर, ‘ब्राउनस्टाइन’वर, एक युद्धखेळ रचला. सैन्ये समोरासमोर येण्याआधी गावात काय चालले असेल, म्हणून त्याने खेळाडूंना नगराध्यक्षासारख्या भूमिका दिल्या. झाले! मंडळी लढाई विसरली आणि कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी कुजबुजू लागली. खेळ पार फसला असे वेस्लीला वाटले. खेळाडू मात्र ‘पुन्हा कधी?’ म्हणून त्याच्या मागे लागले. असाच पुढचा एक डाव लॅटिन अमेरिकेतल्या काल्पनिक देशात रंगला. त्यात पत्रके वाटणाऱ्या विद्यार्थी क्रांतिकारकाचे काम करणाऱ्या आर्नेसनने आपण अमेरिकेचे गुप्तहेर असल्याची थाप मारली आणि देशाचा खजिनाच ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ ताब्यात घेतला, असे सांगतात. म्हणजे कारस्थान आधी आले, ड्रॅगन मागाहून!

१९७४च्या मूळ पुस्तिकांतही त्याच्या खुणा आहेत. मोठ्या पदाला पोचलेला योद्धा गढी बांधू शकतो, आसपासचा मुलूख राखू शकतो आणि माणशी वर्षाला १० सुवर्णमुद्रा कर घेऊ शकतो. त्याच पुस्तिकांत चिडलेल्या गावकऱ्यांचा एक छोटा नियमही आहे. एखाद्या वीराने अक्षम्य आगळीक केली, तर सूत्रधाराने संतप्त जमाव त्याच्यावर सोडावा. पराक्रमाला वेसण घालायला ड्रॅगन नव्हे, तर गावकरी!

पुढे १९९५ साली ‘बर्थराइट’ आले. यात खेळाडू आरंभापासूनच सत्ताधारी. एका प्रांतात चार प्रकारच्या सत्ता: कायदा, देवस्थान, व्यापारी संघ आणि जादूचे उगम. मौज अशी, की या चारही सत्ता राजाच्याच हाती असतील असे नाही. सिंहासन एकाचे, देऊळ दुसऱ्याचे, बाजारपेठ तिसऱ्याची. तीन महिन्यांचा एक डाव. त्यात जमा-खर्च दोन नाण्यांत. एक सोन्याच्या लगडी, दुसरे ‘रीजन्सी’, म्हणजे अधिकाराचे बळ. बँकेच्या भाषेत सांगायचे तर रोकड आणि पत. नुसत्या रोकडीवर राज्य चालत नाही, हे या खेळाने ओळखले होते.

पण ही पत मिळायची राजरक्तातून! प्राचीन युद्धात मेलेल्या देवांचा अंश ज्याच्या अंगात, तोच खरा अधिकारी. इथे माझे मन अडते. जन्माने मिळते ती वतनदारी. पत मिळवावी लागते आणि एका हंगामात बुडूही शकते. म्हणून २०१०चे ‘किंगमेकर’ मला अधिक शहाणे वाटते. त्यात सनद घेऊन ओसाड मुलखात गेलेली साधी माणसे राज्य वसवतात. अर्थव्यवस्था, निष्ठा, स्थैर्य यांचे आकडे मांडतात आणि शेजारी असंतोषाचा आकडा. तो २०वर गेला की अराजक. खजिनदाराची जागा रिकामी राहिली तर कर गोळाच होत नाहीत. हे वाचून मी मनोमन त्या लेखकांना नमस्कार केला!

यावरचा आक्षेपही खरा आहे. रविवारची दुपार वह्या भरण्यात गेली तर खेळ कसला? आकडेमोड वाढली की नाट्य आटते, हे मान्य. त्यावर उपाय एकच. प्रत्येक आकड्यामागे एक माणूस उभा करायचा. ‘असंतोष दोनने वाढला’ म्हणण्याऐवजी दारात एक म्हातारी आणायची, जिचा मुलगा तुमच्या लढाईत गेला. मग राजा होऊन बसलेला कॉलेजातला पोरगा फासे खाली ठेवतो आणि तिला काय सांगावे याचा विचार करू लागतो.

दुसरा धोका मैत्रीचा. कारस्थानाच्या डावात मित्र मित्राला फसवतो. पात्रांमधला दगा माणसांपर्यंत पोचणार नाही, हे आधी बोलून घेतले नाही, तर राज्य राहते आणि टेबल मोडते.

तरी हा खेळ खेळावा असेच मी म्हणेन. तलवारीने प्रश्न सुटतो, हे आपल्या मुलांना सगळेच शिकवतात. सिनेमा शिकवतो, सभाही शिकवतात. तलवार म्यान केल्यावर जे प्रश्न सुरू होतात, ते मांडायला जागा थोड्या. राज्य म्हणजे मिळालेले बक्षीस नव्हे, लोकांनी विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. आणि ठेवीदार कधीही दारात उभा राहू शकतो, एवढे जरी चार मुलांना फासे टाकता टाकता उमगले, तरी त्या चार शब्दांची गोष्ट पुढे सरकली म्हणायची.