जुनी जीप द्यावी की ठेवावी?

बैल विकत घेताना आपण काय करतो? त्याचे दात पाहतो. खूर पाहतो. पाठीवरून हात फिरवतो आणि चार पावले चालवून पाहतो. नुसत्या झुलीवर भाळून कोणी बैल घेत नाही. पण जुनी गाडी घेताना पुष्कळ शहाणी माणसे झुलीवरच भाळतात. नवा रंग आणि चकाकणारे दिवे पाहिले की हात खिशाकडे जातो. मागाहून मात्र पस्तावायची पाळी येते.

आमच्या घरी असाच प्रसंग आला होता. तो सांगतो, म्हणजे गोष्ट नीट समजेल.

आमचा पुतण्या भोर तालुक्यात डोंगराकडच्या एका वाडीत राहतो. डांबरी रस्ता वाडीच्या तीन किलोमीटर अलीकडेच संपतो. पुढे मातीची चढण आणि एक ओढा. पुतण्याजवळ १९९८ सालची डिझेलची जीप आहे. तीतून तो दुधाचे कॅन आणि भाताची पोती खाली नेतो. पावसाळ्यात रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले, तर साऱ्या वाडीला त्या जीपचाच आधार.

एका सकाळी तो आमच्याकडे आला. म्हणाला, "काका, जीप बदलावी म्हणतो. खाली कोकणातून एक जिप्सी विकायला आलीय. २००९ सालची आहे. आपली जीप द्यायची आणि वर नव्वद हजार द्यायचे. उद्या सांगतो म्हणून आलोय."

"पैसे कुठले?" आम्ही विचारले.

तो खाली पाहू लागला. "पोरीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेत, त्यांतले."

आम्ही म्हटले, "अरे, मग उद्या कशाला सांगतोस? आठ दिवस थांब. आपण नीट पाहू."

आधी काम पाहावे

गाडी चांगली की वाईट, हा पहिला प्रश्न नव्हे. तिच्याकडून आपल्याला काय काम हवे, हा पहिला प्रश्न.

साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. ती दोन चाके चिखलात फिरू लागली की गाडी अडते. जीपमध्ये गिअरपेटीच्या मागे आणखी एक लहान पेटी असते. तिचा दांडा ओढला की जोर चारही चाकांना मिळतो. दोन चाके घसरली तरी बाकीची दोन गाडी ओढून काढतात. याच पेटीत एक 'लो' गिअरही असतो. त्यात वेग कमी होतो, पण ओढ वाढते. अवघड चढणीवर तोच उपयोगी पडतो. अशी जीप अमेरिकेने १९४१ सालापासून आपल्या लष्करासाठी मोठ्या संख्येने बांधली. पुढे आपल्याकडेही ती शेतात, जंगलात आणि सरकारी कामांत रुळली.

एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांचा जोर लावू नये. वळताना पुढची चाके मोठा फेरा घेतात आणि मागची लहान. माती असली तर चाके थोडी घसरून हा फरक काढून टाकतात. डांबरावर ती घसरत नाहीत. मग सारा ताण आतल्या दांड्यांवर व गिअरवर पडतो आणि ते लौकर झिजतात.

आता जिप्सी पाहू. ही गाडी आपल्याकडे १९८५ साली आली. तीही चारही चाकांनी ओढते. ती पेट्रोलवर चालते आणि वजनाला हलकी असते. चिखलात हलकी गाडी कमी रुतते, हा तिचा गुण. पण पोती भरून चढण चढायची, तर जुने डिझेल इंजिन हळू वेगातही चांगले ओढते. पुतण्याचे निम्मे काम पोत्यांचे आणि कॅनचे. म्हणजे कामाच्या बाजूने पाहिले, तर बदलून मोठा लाभ नव्हता.

मग गाडी तपासावी

तालुक्याच्या गावी आमच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांना घेऊन आम्ही जिप्सी पाहायला गेलो. सूनबाई आणि नातही बरोबर होती. मिस्त्रींनी कसे तपासले, ते ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्यांनी मालकाला आदल्या दिवशीच निरोप दिला होता, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गरम इंजिन लगेच सुरू होते. खरी परीक्षा थंड इंजिनाची. गेल्याबरोबर त्यांनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला. तो गार होता. इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झाले.

नंतर त्यांनी सायलेन्सरचा धूर पाहिला. धुरावरून इंजिनाची नाडी कळते. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळते आहे. डिझेलच्या गाडीने सारखा काळा धूर सोडला, तर डिझेल नीट जळत नाही. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर आत पाणी जात असण्याचा संभव. ऑइलचे झाकण काढून आत दुधासारखा चिकट थर दिसला, तरी पाण्याचाच संशय घ्यावा. या जिप्सीचे इंजिन मात्र चांगले निघाले. पुतण्याचा चेहरा खुलला.

मग मिस्त्री गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले. ते चेसिसवर ठिकठिकाणी लहान हातोडी ठोकू लागले. चेसिस म्हणजे गाडीचा कणा. इंजिन, चाके, पत्रा, सारे त्यावर बसवलेले असते. चांगले लोखंड खणखणीत वाजते. गंजलेले बद्द वाजते. मागच्या बाजूला दोन ठिकाणी आवाज बद्द आला. हातोडीने काळ्या रंगाचा पोपडा उडाला आणि खाली लाल भुगा दिसला.

मिस्त्री बाहेर येऊन म्हणाले, "मास्तर, गाडी समुद्राकाठी राहिलेली आहे. खाऱ्या हवेनं कणा खाल्लाय. वरनं रंग मारलाय."

खाऱ्या हवेत लोखंड लौकर गंजते. इंजिन बिघडले तर दुरुस्त करता येते. पाटे, ब्रेक, क्लच नवे घालता येतात. पण कणाच पोखरला, तर वेल्डिंगची ठिगळे किती दिवस पुरणार? म्हणून जुनी गाडी वरून पाहण्यापूर्वी खालून पाहावी.

कागद वाचावा

एवढे झाले तरी पुतण्याचे मन जिप्सीतून निघेना. तेव्हा आम्ही आर.सी. मागितली. आर.सी. म्हणजे गाडीचा सातबारा. मालकाचे नाव, इंजिनाचा नंबर, चेसिसचा नंबर आणि नोंदणीची मुदत तिच्यावर असते.

सूनबाई साक्षरता वर्गात आकडे शिकली आहे. तिने आकड्यांवर बोट ठेवून वाचले आणि म्हणाली, "काका, मुदत २०२४ लाच संपलीय की!" नाव इंग्रजीत होते. ते नातीने वाचले. नाव विकणाऱ्याचे नव्हतेच. ते तिसऱ्याच माणसाचे होते.

खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली आहे. शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. ताजे दर आर.टी.ओ. कचेरीत विचारून घ्यावेत. पुतण्याच्या जीपची फेरनोंदणी २०२३ साली झाली होती. म्हणजे तिला २०२८ पर्यंत काळजी नव्हती.

दहा वर्षांची डिझेल गाडी आता चालतच नाही, असेही लोक आपल्याकडे बोलतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली तसा हुकूम केला होता. पण तो दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागासाठी होता. ऐकीव गोष्टीला भिऊन गाडी कमी किमतीत देऊन टाकू नये.

आणखी एक ध्यानात घ्यावे. अदलाबदल म्हणजे एक व्यवहार नव्हे, ते दोन व्यवहार आहेत. आपली गाडी त्याच्या नावावर झाली पाहिजे आणि त्याची आपल्या नावावर. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरावे लागतात. गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर तो आधी उतरवून घ्यावा. विमाही नव्या मालकाच्या नावे करावा. दंडाची जुनी चलने राहिली आहेत का, तेही पाहावे.

या बाबतीत आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. आम्ही आमची जुनी स्कूटर एका ओळखीच्या गृहस्थांना विकली होती. पैसे घेतले, स्टँप पेपरवर सह्या झाल्या. नाव बदलायचे राहून गेले. दोन वर्षांनी त्या स्कूटरने एका माणसाला धडक दिली, आणि नुकसानभरपाईच्या दाव्याची नोटीस आमच्या घरी आली! जन्मभर मुलांना 'सही करण्यापूर्वी वाचा' असे शिकवले. पण स्वतःच्या वेळी आम्हीच गाफील राहिलो. दीड वर्ष खेटे घातले आणि पदरचे पैसेही गेले. कायद्याने नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका खटल्यात हे स्पष्ट केले आहे.

शेवटी हिशेब मांडावा

घरी आल्यावर आम्ही पुतण्याला पाटीवर दोन रकाने आखायला लावले. एका बाजूला जीप ठेवण्याचा खर्च, दुसऱ्या बाजूला बदलण्याचा.

जीप ठेवायची तर क्लचला ११,००० रुपये, पाटे व बुश ९,०००, ब्रेक ८,०००, पत्रा, वेल्डिंग आणि हूड १४,०००. एकूण ४२,००० रुपये.

बदलायची तर वर द्यायचे ९०,०००. चारही टायर गुळगुळीत झालेले, त्यांचे २४,०००. विमा आणि नावबदल ९,०००. किरकोळ ७,०००. एकूण १,३०,००० रुपये. फेरनोंदणी आणि गंजलेल्या चेसिसचे काम वेगळेच.

म्हणजे फरक ८८,००० रुपयांचा. जिप्सीमुळे इंधनाची काही बचत होणार होती का? पुतण्याची गाडी वर्षात जेमतेम चार हजार किलोमीटर फिरते. घाटात दोन्ही गाड्या लिटरला दहाच्या आसपास जातात असे धरले, तरी दोघींना चारशे लिटरच इंधन लागेल. शिवाय डिझेलपेक्षा पेट्रोल महाग.

पुतण्या बराच वेळ पाटीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, आपल्या जीपचं दुखणं मला ठाऊक आहे. तिचं दुखणं तिच्या मालकालाच ठाऊक."

हेच या साऱ्याचे सार आहे.

पण याचा अर्थ जुनी गाडी कायम कवटाळून बसावी, असा नव्हे. आपल्याच जीपचा कणा तडकला असेल, सुटे भाग मिळेनासे झाले असतील, किंवा दुरुस्ती करूनही ब्रेक भरवशाचे राहत नसतील, तर ती सोडलीच पाहिजे. तिच्यात आपली आणि शेजाऱ्यांची लेकरे बसतात. तेथे माया उपयोगाची नाही.

जीप महिनाभर मिस्त्रींकडे होती. खर्च ठरल्यापेक्षा तीन हजारांनी वाढला. आषाढात ओढ्याला पाणी आले, तेव्हा वाडीतील एका बाळंतिणीला तिनेच वेळेवर दवाखान्यात पोचवले. नातीची फी जूनमध्येच भरली होती.

लक्षात ठेवा

गाडी बदलण्यापूर्वी आपले काम काय ते ठरवा.
गाडी थंड असताना, दिवसाउजेडी आणि खालून पाहा. माहितगार मिस्त्री बरोबर न्या.
आर.सी. वरचे नाव, नंबर आणि मुदत स्वतः वाचा. गाडीवरचा नंबर आर.सी.शी ताडून पाहा.
दोन्ही बाजूंचा खर्च कागदावर मांडा.
विकलेली गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याशिवाय व्यवहार पुरा झाला, असे समजू नका.