दुभंगलेला कणा : नाव आणि वस्तुस्थिती

पाठीच्या कण्याच्या एका जन्मजात व्यंगास ‘स्पायना बायफिडा’ म्हणतात. ॲम्स्टरडॅमचा वैद्य निकोलास टुल्प याने हे लॅटिन नाव १६५२ मध्ये योजिले. ‘दुभंगलेला कणा’ हा त्याचा शब्दार्थ होय. तथापि हे नाव दिशाभूल करणारे आहे. ‘दुभंगलेले’ म्हटले की दुभंगणारे काहीतरी असावे, असे मनात येते. ग्रहणकाळी गर्भवतीने काही चिरल्यास मुलास व्यंग येते, ही आपल्याकडील समजूतही याच विचाराची. तिचा दोष अखेर मातेच्या माथी येतो.

वस्तुतः येथे जुळलेले तुटत नाही. जुळावयाचे तेच जुळत नाही. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवरील पेशींच्या पट्ट्याच्या कडा एकमेकींस मिळून नळी बनते. मेंदू व मज्जारज्जू तिच्यापासून घडतात. सुमारे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती मिटली नाही, तर त्या जागी मणकेही मागून उघडे राहतात. हे घडते तेव्हा अनेक स्त्रियांना गर्भ राहिल्याचे ठाऊकही नसते.

सौम्य प्रकारात केवळ मणक्यात फट असते व बहुधा त्रास होत नाही. तीव्र प्रकारात मज्जारज्जू पाठीवरील पिशवीत उघडा पडतो; पाय लुळे पडतात, मलमूत्रावरील ताबा जातो व पुष्कळदा डोक्यात पाणी साचते. अशा बालकाची पाठ जन्मानंतर दोन-तीन दिवसांत शस्त्रक्रियेने मिटवितात. त्यामुळे जंतुसंसर्ग टळतो; गेलेली संवेदना मात्र परतत नाही. डोक्यातील पाणी झडपेच्या नळीवाटे पोटात उतरवितात. गर्भातच केलेल्या शस्त्रक्रियेची अमेरिकेतील पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार अशी नळी लागणाऱ्या बालकांचे प्रमाण पहिल्या वर्षात ८२ वरून ४० टक्क्यांवर आले. परंतु अकाली प्रसूतीचा धोका वाढला.

प्रतिबंध याहून सोपा आहे. पूर्वी असे अपत्य झालेल्या स्त्रियांत फॉलिक आम्लाने पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटते, असे ब्रिटिश संशोधनाने १९९१ मध्ये दाखविले. सर्वसाधारण स्त्रीने गर्भधारणेपूर्वीपासून रोज ०.४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे. पूर्वी असे अपत्य झाले असल्यास मात्रा अधिक लागते व ती वैद्याने ठरवावी. आनुवंशिकता, मधुमेह व अपस्माराची काही औषधे हीही कारणे असल्याने सर्वच प्रसंग टळत नाहीत. म्हणून मातेस विचारावयाचा प्रश्न ग्रहणात काय चिरले हा नव्हे. गर्भधारणेपूर्वी तिला ही गोळी मिळाली होती काय, हा प्रश्न तिच्याभोवतीच्या समाजास विचारावयास हवा.