रेझ्युमेमध्ये छंद लिहायचे की नाही?

माझ्या पहिल्या रेझ्युमेची शेवटची ओळ होती, 'छंद : वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट, प्रवास.' टेम्प्लेटमध्ये रकाना होता म्हणून भरला, बस. इंटरव्ह्यूला मॅडमनी सहज विचारलं, "सध्या काय वाचताय?" कॉलेज सुटल्यापासून मी एकही पुस्तक उघडलं नव्हतं. एक नाव ठोकून दिलं, तर ते त्यांनी वाचलेलं निघालं! पुढची पाच मिनिटं कशी गेली ते विचारू नका. नोकरी मिळाली नाही. फक्त त्या ओळीमुळे गेली असं नाही म्हणणार, पण नंतरच्या सोप्या प्रश्नांनाही मी अडखळत राहिलो, हे खरं.

मग छंद लिहूच नयेत का? तसंही नाही.

आधी एक गोष्ट समजून घ्या. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत तुमचा रेझ्युमे माणसाच्या आधी एका सॉफ्टवेअरकडे जातो. त्याला एटीएस म्हणतात. ते फाईलमधला मजकूर वाचून शिक्षण, अनुभव, कौशल्यं अशी माहिती वेगळी काढतं. भरती करणारी व्यक्ती मग त्यात जाहिरातीतले शब्द शोधते. तिथे 'क्रिकेट'चा काही उपयोग नसतो. आणि कॅनव्हासारख्या अ‍ॅपमधल्या टेम्प्लेटमध्ये छंदांसाठी जी पुस्तक, गिटार, कॅमेऱ्याची छोटी चित्रं असतात ना, त्यातून सॉफ्टवेअरला काहीच कळत नाही. दोन कॉलमचं डिझाईन असेल तर कधीकधी ओळीही एकमेकींत मिसळतात. मोबाईलवरच तपासा: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करून नोट्समध्ये पेस्ट करा. तिथे खिचडी दिसली तर टेम्प्लेट बदला.

छंद खरा उपयोगी पडतो तो समोर माणूस असताना, आणि तोही नेमका लिहिलेला असेल तर. 'ट्रेकिंग' काय, कुणीही लिहितं. 'कॉलेजच्या ग्रुपसाठी राजगड, हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकचं नियोजन, गाडी आणि खर्चाचा हिशोब' असं लिहिलंत की कामाची गोष्ट दिसते. 'नाटक' ऐवजी 'पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिकेची प्रकाशयोजना' लिहा (केली असेल तरच, अर्थात). ढोल-ताशा पथकात नव्या मुलांना शिकवत असाल तर तेही चालेल. माझी कसोटी सोपी आहे: त्या छंदावर दोन मिनिटं न अडखळता बोलता येतंय का? नसेल तर ओळ काढा.

फ्रेशर असाल तर एक गंमत करता येते. छंदातून काही तयार झालं असेल, म्हणजे एखादं छोटं अ‍ॅप, यूट्यूब चॅनल, मराठी विकिपीडियावरचे लेख, तर ते 'छंद'मध्ये लपवू नका. थेट 'प्रोजेक्ट'मध्ये वर घ्या. अनुभव भरपूर असेल आणि पान भरत असेल, तर छंद आधी उडवा.

धर्म, जात, रास, उंची हे सगळं लग्नाच्या बायोडेटासाठी ठेवा. इथे नको.

आणि छंदासोबत गूगल ड्राईव्हची लिंक देत असाल तर पाठवण्याआधी ती मित्राच्या फोनवर उघडून बघा. शेअरिंग चालू केलं नसेल तर समोरच्याला तुमचं काम दिसतच नाही, परवानगी मागणारं पान तेवढं दिसतं.