आधी वाकावे कोणी?

घरातील विजेच्या फलकावर फ्यूजची एक बारीक तार असे. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ती वितळावयाची आणि पुढची सारी उपकरणे वाचावयाची. फ्यूज वारंवार जातो म्हणून एखादा गृहस्थ तेथे जाड तार बसवी. मग फ्यूज जाण्याचे थांबे, पण भिंतीतील तारा पेटण्याची वेळ येई. ज्याने आधी जावयाचे त्यानेच आधी जावे, हा त्या तारेचा धर्म. आजचा आपला विषय विजेचा नाही. पण त्याचे मर्म याच धर्मात आहे.

अमेरिकेत एटीव्ही नावाचे एक वाहन आहे. बैठक आणि हँडल मोटारसायकलीचे, चाके मात्र चार, फुगीर आणि कमी हवेची; धाव रस्ता सोडून वाळूत नि चिखलात. होंडा कंपनीने १९७० साली तेथे आणलेली गाडी तीन चाकांची होती. पुढे चार चाकांच्या गाड्या आल्या आणि सुझुकीने १९८५ साली, यामाहाने १९८७ साली खास वेगासाठी बांधलेल्या गाड्या काढल्या. कॅलिफोर्नियातील ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर हिवाळ्यात अशा गाड्यांची जत्राच भरते. या गाड्यांना कारखान्यातून नळीचा एक लहानसा बंपर येतो. हौशी मालक तो काढून टाकतात आणि ॲल्युमिनियमच्या सलग पाटातून यंत्रावर कोरलेला, आपल्या पसंतीचा बंपर लावून घेतात.

ॲल्युमिनियमच का? शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. १९०६ साली आल्फ्रेड व्हिल्म या जर्मन संशोधकाला आढळले की, तांबे आणि मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात विझविले, तर पुढील काही दिवसांत ते आपोआप कठीण होत जाते. याच तत्त्वावर मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घालून केलेली ६०६१ ही मिश्रधातू १९३५ साली निघाली. असे बंपर बहुधा तिचेच असतात. योग्य उष्णोपचारानंतर ती साध्या पोलादाइतका ताण सोसते आणि वजनाला मात्र त्याच्या एक-तृतीयांश भरते.

हे वजन कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. समजा, पुढच्या-मागच्या आसांत १.२ मीटर अंतर आहे आणि ४ किलोचा बंपर पुढच्या आसाच्या ०.३ मीटर पुढे आहे. तराजूच्या न्यायाने पुढच्या चाकांवर ४ नव्हे, ५ किलो भार पडतो आणि मागच्या चाकांवरचा १ किलो उचलला जातो. वाळूत नाक वर ठेवून धावणाऱ्या गाडीला हे जाणवते.

आता कोरीव कामाकडे वळू. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळचा उष्णोपचार नाहीसा होतो आणि तेथील धातूची ताकद निम्म्याच्या आसपास येते. सलग पाटातून कोरलेल्या भागाला हा दोष नाही. शिवाय आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र एकच नग काढावयासही तयार असते. साच्याचा खर्च पडत नाही. असे यंत्र मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेने १९५२ साली जाहीरपणे चालवून दाखविले. किंमत मात्र किसाच्या रूपाने मोजावी लागते. पाटाचा मोठा भाग कीस होऊन खाली पडतो.

येथवर सारे चांगलेच झाले. पण असा जाड, न वाकणारा बंपर धडकला तर काय होते? १६० किलोची गाडी, स्वार सोडून, ताशी १८ किलोमीटर वेगाने खडकावर आदळली असे धरा. बंपर वाकत वाकत १० सेंटीमीटर मागे सरला, तर गाडीवर सरासरी २ टनांइतका जोर येतो. तो १ सेंटीमीटरच सरला, तर तोच जोर २० टन होतो. हा जोर बंपर गिळत नाही. बोल्टांमार्फत सांगाड्याला देतो. बंपर चार बोल्ट काढून बदलता येतो. सांगाडा वाकला तर गाडीच गेली म्हणावयाची.

म्हणून चांगला कारागीर ताकदीच्या आधी क्रमाचा विचार करतो. प्रथम बंपर वाकावा, मग त्याचे बोल्ट आणि पट्ट्या जाव्यात, सांगाडा सर्वांत शेवटी. ही मिश्रधातू साध्या पोलादाइतकी ताणली जात नाही. म्हणून आतले कोपरे तो गोल ठेवतो, कारण तीक्ष्ण कोपऱ्यात चीर सुरू होते. आणखी एक गोष्ट. पोलाद मर्यादेखालचे हादरे कितीही काळ सोसते. ॲल्युमिनियमला तशी निश्चित मर्यादा नाही. लहान हादऱ्यांचाही हिशेब त्याच्या पोटात साठत जातो. तेव्हा चकाकी पाहून समाधान मानू नये. बोल्टांच्या छिद्रांभोवती केसासारखी रेघ दिसते का, हे पाहावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, बंपर गाडीला राखतो, स्वाराला नव्हे. स्वार गाडीच्या आत नसून वर असतो. गाडी उलटली तर पुढचा दांडा त्याच्या कामी येत नाही; कामी येते ते शिरस्त्राण, शिक्षण आणि आवरलेला वेग. तीनचाकी गाड्यांचे अपघात फार वाढले, तेव्हा मजबूत दांडे बसवून तो प्रश्न सुटला नाही. १९८८ साली अमेरिकन सरकार आणि उत्पादक यांच्यात न्यायालयाच्या संमतीने तडजोड झाली आणि नव्या तीनचाकींची विक्री थांबली.

मजबूत म्हणजे सुरक्षित, असे आपण सहज धरून चालतो. बंपर पाहताना तो किती मजबूत आहे, एवढेच विचारून भागत नाही. तो कोणासाठी वाकणार आहे, हे आधी विचारावे.